गोळीची भोके

भिलाईला आमच्या कॅम्प-1 च्या गल्लीत एका घरी हिरवा रंग उडालेली, कडी वाकलेली लोखंडी ट्रंक आहे. घरातल्या काकूंच्या सासऱ्यांची. सासरे भंडाऱ्याकडचे. तिकडून पलटणीत गेले, पलटणीतून सुटले तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. इथे कामाला लागले आणि इथलेच झाले. ट्रंकेत त्यांचा एक खाकी शर्ट आहे, टोपीचा पितळी बिल्ला आहे आणि विटलेल्या फितीचे एक पदक आहे. या तीन वस्तूंभोवती घराची एक गोष्ट ठरून गेली आहे. आजोबा, म्हणजे हे सासरे, सुभेदार होते, 1942 साली ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि शर्टावर दिसतात ती गोळीची भोके.

जुन्या लष्करी कपड्यांचा मला नाद आहे, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. काकूंनी एका दुपारी बोलावून घेतले. “पाहून घ्या न भाऊ, खरं आहे का ते. नातू म्हणते की याचे लय पैसे येतात.”

पैशाचे मी तेव्हाच टाळले. खरे-खोटे पाहू, म्हटले. पण त्यातही दोन प्रश्न असतात आणि नवशिका संग्राहक हमखास त्यांची सरमिसळ करतो. वर्दी त्या काळची आहे का, हा एक प्रश्न. ती त्या माणसाच्या अंगावर होती का, हा दुसरा. पहिल्याला कापड, दोरा, बटण, शिक्का उत्तर देतात. दुसऱ्याबद्दल कापड सहसा मुके असते.

ते मुके का, याचे एक कारण ‘डिस्पोजल’ या शब्दात आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा भारतभरच्या डेपोंत लष्करी मालाचे डोंगर पडून होते. सरकारने तो माल विकायला काढला. जीप, तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या, ब्लँकेटे, ओव्हरकोट, सगळे बाजारात आले आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द घराघरांत रुळला. त्यामुळे माळ्यावर 1944 चा शिक्का असलेला अस्सल ओव्हरकोट सापडला, तरी त्यावरून आजोबा लढाईत होते असे सिद्ध होत नाही. ते बाजारात होते एवढेच कळते. आजही डिसेंबरात रात्रपाळीच्या चौकीदारांकडे पाहा. निम्म्यांच्या अंगावर मिलिटरीचा कोट असतो आणि त्यातल्या थोड्यांनीच कधी परेड केलेली असते. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात येणाऱ्या कपड्यांतही हा माल पुष्कळ मिसळलेला असतो.

दुसरे कारण असे की साध्या शिपायाची वर्दी टिकतच नाही. संग्रहालयांत दिसतात त्यांतल्या बहुतेक जुन्या वर्द्या अधिकाऱ्यांच्या असतात, त्यातही मेसच्या जेवणाचे, समारंभाचे लाल-निळे डगले. अधिकारी स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून कपडे शिवून घेई. आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी असे आणि तिच्यावर शाईने गिऱ्हाइकाचे नाव नि तारीख लिहिलेली असे. असा डगला वर्षातून चार वेळा अंगावर चढे आणि उरलेला काळ कपाटात राही. शिपायाचे कपडे सरकारी. ते विटेपर्यंत वापरायचे, आणि नोकरी संपल्यावर घरी आलेच तर तिथेही वापरायचे. खाकी जीन म्हणजे घट्ट विणीचे, दांडगे कापड. आपल्याकडे असे कापड फेकत नाहीत. त्याची पिशवी होते, मग गोधडीचा थर, मग सायकल पुसायचे फडके. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. त्या माणसांच्या अंगावरचा एखादा खाकी सदरा आज कोणी समोर ठेवला, तर मी आधी संशय घेईन आणि नंतर हात जोडीन.

खाकी हा शब्दच आपल्या भागातला. खाक म्हणजे धूळ. 1840 च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशावरकडे हॅरी लम्स्डेनने गाइड्स ही पलटण उभी केली आणि तिला धुळीच्या रंगाचे कपडे दिले. लाल डगल्यातला सैनिक मैलभरावरून दिसे, हा मातीत मिसळून जाई. सुरुवातीची खाकी स्थानिक रंगाऱ्यांच्या हातची. एका घाण्याचा रंग दुसऱ्याला जुळत नसे आणि धुतला की उडे. पक्का, एकसारखा खाकी रंग ही पुढची गोष्ट. मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकाम कारखान्यात 1850 च्या सुमारास तो साधला, असा त्या कारखान्याचा दावा आहे. पायाला गुंडाळायची ‘पट्टी’ही इथूनच इंग्रजीत गेली आणि पहिल्या महायुद्धात सगळ्या ब्रिटिश फौजेच्या पोटऱ्यांवर चढली.

खाकी वाळवंटात चालली, ब्रह्मदेशच्या जंगलात ती उठून दिसू लागली. 1943 पासून तिकडच्या फौजेला ‘जंगल ग्रीन’ कपडे मिळू लागले. त्यातला बराच माल भारतात तयार झालेला होता. काही शर्ट तर बारीक जाळीदार विणीच्या कापडाचे, वारा खेळता राहावा म्हणून. हा युद्धकाळातला हिरवा रंग कच्चा होता. चार धुण्यांत पिवळट, राखाडी, कसाही होई. म्हणून ब्रह्मदेशातली म्हणून दाखवलेली वर्दी हिरवीगार, एकसारख्या रंगाची असेल तर ती सिनेमासाठी किंवा नाटकासाठी शिवलेली असण्याचीच शक्यता जास्त. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने ऑलिव्ह ग्रीन स्वीकारला, पाकिस्तानने खाकी ठेवली. आपल्याकडे खाकी पोलिसांच्या वाट्याला राहिली.

काकूंच्या ट्रंकेतला शर्ट खाकी जीनचा. म्हणजे ब्रह्मदेशची कहाणी तिथेच पडली का? तसेही म्हणता येत नाही. जंगलात हिरवा घालणारा माणूस छावणीत परतल्यावर खाकी घालीच. एका पुराव्यावर निकाल द्यायची घाई या छंदात फार महाग पडते. मी शर्ट उजेडात नेला आणि आतून उलटा केला.

वर्दी नेहमी आतून पाहावी. बाहेरची बाजू विकणाऱ्याने सजवलेली असते. आत, मानेखाली किंवा पदराजवळ, शाईचा शिक्का शोधायचा. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचे चिन्ह असे, तीन रेघांचे, कोंबडीच्या पायासारखे. भारतात स्वीकारलेल्या मालावर त्या बाणाबरोबर इंग्रजी ‘आय’ हे अक्षर येई. कॅनडाचा बाण ‘सी’ अक्षराच्या आत, दक्षिण आफ्रिकेचा ‘यू’च्या आत. शिक्क्याबरोबर मापाचा आकडा असतो, कधी वर्षही असते. खरी शाई तंतूंत मुरलेली असते आणि कापडाच्या बरोबरीने विटते. कापड झिजलेले आणि शिक्का मात्र काळाकुट्ट असेल तर शिक्का नंतरचा. काकूंच्या शर्टावर मानेखाली एक डाग होता. भिंगातून बाणाचे टोक दिसते आहे असे मला क्षणभर वाटले, पण अशा वेळी डोळा जे हवे ते पाहतो. मी वहीत ‘शिक्का, अवाच्य’ एवढेच लिहिले.

मग दोरा. पॉलिएस्टरचा धागा 1941 साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. आपल्याकडे टेरिलीन-टेरिकॉट घरोघरी पोचले ते 1960 नंतर. म्हणून युद्धकाळातली म्हणवणारी वर्दी जर पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेली असेल तर गडबड आहे. शिवणीच्या आतून दोऱ्याचा एक सेंटिमीटर तुकडा काढून चिमट्यात धरून जाळायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. हे मात्र आपल्या मालकीच्या वस्तूवरच करावे. दुकानात उभे राहून कोणाची वर्दी जाळू नये.

जाळायचे नसेल तर नोटा तपासायची जांभळी बत्ती चालते. भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात कोणत्याही गल्ल्यावर ती दिसेल. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्ये घालतात, ती या उजेडात निळसर पेटतात. कृत्रिम दोरेही बरेचदा चमकतात. जुना न धुतलेला सुती कपडा अंधारात मंद राहतो. संग्राहकांत या बत्तीचा दबदबा आहे, जरा जास्तच. कारण अस्सल 1943 चा शर्ट एखाद्या सुनेने गेल्या दिवाळीत पावडरीत भिजवला असेल तर तोही उजळतो. बत्ती सबंध कपड्याला खरे-खोटे ठरवायला वापरू नये. एकाच कपड्यातले दोन भाग वेगळे वागतात का, ते तिच्याकडून काढून घ्यावे.

शर्टाने इथे तेच केले. अंगाच्या शिवणी मंद होत्या. उजव्या काखेतली शिवण आणि दोन बटणांचे टाके मात्र लखलखले. काकू म्हणाल्या, “ते सासूबाईनं घातले असतील टाके.” ती दोन बटणेही बाजारातली, चार भोकांची. बाकीची जुनी. विकणारा असता तर त्याने ती दोन बटणे बदलून ‘जुळवून’ घेतली असती आणि माझ्या दृष्टीने शर्टाची किंमत तिथेच उतरली असती. दुरुस्ती हा दोष आहे असे मानणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्या वर्दीत कोणीही कधी एकही टाका घातलेला नाही, ती बहुतेक कोणी अंगातच घातलेली नसते.

झीज कुठे आहे, हेही पाहावे. नवे कापड जुने दाखवणारे चहाच्या पाण्यात बुडवतात, दगडाने घासतात, उन्हात टाकतात. त्याने कापड सगळीकडे सारखे जुने होते. माणूस मात्र कपडा सारखा झिजवत नाही. कॉलरची आतली घडी, बाह्यांची टोके, रायफलचा पट्टा ज्या खांद्यावर येतो तो खांदा, कमरेचा पट्टा घासतो ती रेघ, रोज उघडला जाणारा खिसा, ही ठिकाणे आधी जातात. वर्षानुवर्षे जागच्या जागी असलेल्या बिल्ल्याखाली, फितीखाली ऊन पोचत नाही. बिल्ला काढला तरी त्याची सावली कापडावर राहते, आणि ती मागाहून तयार करणे कठीण आहे.

मी बाहीवर तिरपा उजेड धरला. कोपराच्या वर दोन फितींची सावली उमटली, एकाखाली एक. भोवती टाक्यांची बारीक छिद्रे. दोन फिती म्हणजे नाईक. एक असती तर लान्स नाईक, तीन असत्या तर हवालदार. सुभेदाराच्या बाहीवर फिती नसतातच, त्याच्या खुणा खांद्यावर असतात, दोन तारे. खांद्याच्या पट्टीवर पितळी अक्षरांपुरती जागा गडद होती, ताऱ्यांची नव्हती.

“म्हणजे सुभेदार नव्हते?” नातवाचा चेहरा उतरला. हा शर्ट घालत होते तेव्हा नाईक होते, एवढेच मी म्हणालो. पुढे बढती मिळाली असेल तर ती दुसऱ्या शर्टावर असेल.

आता बिल्ला. जुन्या वस्तूंत सर्वांत जास्त नकला याच्या होतात, कारण तो लहान असतो, विकायला सोपा असतो आणि वर्दीची किंमत तोच वाढवतो. खरा बिल्ला बहुधा ठशावर दाबून काढलेला असतो. रेघा धारदार, मागची बाजू स्वच्छ, अक्षरांच्या मधली पोकळी नीट कापलेली. नकली बिल्ला बहुधा खऱ्याचा साचा घेऊन ओतलेला असतो, त्यामुळे पृष्ठभाग रवाळ, कडा गोलसर, कुठे साच्याचा सांधा. माझ्या खिशात एक लहान चुंबक असतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही. पितळी मुलामा दिलेले लोखंड झटकन चिकटते. ब्रिटिशकालीन पितळी बटणांच्या पाठीवर लंडनच्या फर्मिन किंवा बर्मिंगहॅमच्या गाँट अशा घरांची नावे असतात. घराचा पत्ता बदलला की शिक्का बदलला, त्यामुळे बटणाची पाठसुद्धा काळ सांगते.

त्याहून सोपी खूण मुकुटाची. 1901 पर्यंत व्हिक्टोरियाचा मुकुट, त्यानंतर 1952 पर्यंत राजांचा गोल घुमटासारखा मुकुट, आणि 1953 नंतर राणी एलिझाबेथचा, मधे खोलगट दबलेला. हा शेवटचा मुकुट भारतीय पलटणींच्या बिल्ल्यावर येऊच शकत नाही, कारण 26 जानेवारी 1950 पासून आपल्याकडे त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. तरी विक्रीला ठेवलेले असे बिल्ले मी पाहिले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीची खूण तर स्पेलिंगमध्ये आहे. इंग्रजांच्या काळात ‘मराठा’ लिहिताना मधे एक ‘एच’ घुसडलेला असे. 1922 च्या फेररचनेत ती पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, बेळगावला तिचे केंद्र आले, तेव्हाही ‘एच’ होता. तो गेला स्वातंत्र्यानंतर. इटलीत 10 जुलै 1944 ला यशवंत घाडगे आणि 9 एप्रिल 1945 ला नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो ‘एच’वाल्या पलटणीत. त्या लढायांतला म्हणून ‘एच’ नसलेला बिल्ला कोणी दाखवला तर हसून पुढे जावे.

काकूंच्या घरचा बिल्ला मराठ्यांचा नाही. महार रेजिमेंटचा आहे, आणि त्या रेजिमेंटच्या बिल्ल्याचा इतिहास संग्राहकाला शाळेसारखा आहे. पहिल्या महायुद्धात 111 वी महार पलटण उभी झाली आणि युद्धानंतर मोडली. मग दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर 1941 मध्ये, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी आमच्याच रुळावर, नागपूरजवळच्या कामठीला. 1821 पासूनची ही छावणी दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया करत नागपूरला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसते. या दुसऱ्या पलटणीने ब्रह्मदेशच्या मोहिमेत भाग घेतला. तेव्हाच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता आणि त्यावर ‘महार’ हे नाव. ऑक्टोबर 1946 मध्ये रेजिमेंट मशीनगनवाली झाली, केंद्र कामठीला आले, आणि बिल्ल्यावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन चढल्या, सोबत स्तंभ होताच. पुढे स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. ते आजचे चिन्ह. केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

ट्रंकेतल्या बिल्ल्यावर दोन मशीनगन आणि खंजीर. दाबून काढलेला, अस्सल, चुंबकाला न चिकटणारा. पण 1942 चा नाही, असूच शकत नाही. घरात तो शर्टाच्या छातीवर टाचणीने अडकवलेला होता, म्हणून मी विचारले की हा इथे कोणी लावला, टोपीचा आहे. नातू गप्प. मग काकूच म्हणाल्या की शाळेत 26 जानेवारीला याला सैनिक व्हायचे होते, तेव्हा लावला. अशा रीतीने किती संग्रहालयांत किती बिल्ले चुकीच्या छातीवर जाऊन बसले असतील!

तरी बिल्ल्याने एक गोष्ट सांगितलीच. आजोबा युद्ध संपल्यावर लगेच सुटले नाहीत. खंजीर येईपर्यंत ते पलटणीत होते, निदान पलटणीच्या संपर्कात होते.

पदकाने त्याला दुजोरा दिला. केशरी, पांढरी, हिरवी फीत, एका बाजूला अशोकचक्र आणि त्याच्यावर चक्क ब्रिटिश मुकुट, दुसऱ्या बाजूला सिंह. हे भारतीय स्वातंत्र्य पदक, 15 ऑगस्ट 1947 ला सैन्यात असणाऱ्यांना दिलेले. चक्रावर मुकुट ही विसंगती नाही, तेव्हा देश स्वतंत्र होता पण प्रजासत्ताक नव्हता. पदकाची खरी मौज कडेवर. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण उमटवलेली असते. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवरही असेच असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांच्या पदकांवर नावे घालणे सोडून दिले, आणि त्यामुळे सुटी पदके जुळवून ‘एका वीराचा संच’ विकणाऱ्यांचे फावले. नाव नसलेल्या पदकाला कोणाचाही नातू चालतो.

काकूंच्या घरी दर दसऱ्याला पदक चिंचेने घासले जाई. कडेवरची अक्षरे अर्धी गेली होती. अशा वेळी खोदकाम करायचे नाही, रसायन लावायचे नाही. पातळ कागद कडेवर ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. दोन आकडे संशयाचे राहिले, बाकी क्रमांक आला. हुद्दा ‘नाईक’. बाहीवरची सावली आणि पदकाची कड एकच बोलत होत्या.

1947 च्या ऑगस्टात महार पलटणी कुठे होत्या? फाळणीच्या वेळी पंजाब पेटला तेव्हा शांतता राखायला जे सीमा दल उभे केले होते, त्यात. 1 ऑगस्टला ते दल सुरू झाले आणि महिनाभरात मोडीत काढावे लागले. आजोबा तिथे गेले होते का, हे शर्ट सांगणार नाही. ब्रह्मदेशात गेले होते का, हेही नाही. ते सागरच्या अभिलेख कार्यालयातली नोंद सांगेल, किंवा घरातच कुठे दडलेला डिस्चार्जचा दाखला. आम्ही क्रमांक लिहून पत्र तयार केले. संशयाच्या आकड्यांचे पर्यायही दिले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही अशा कामात वाट दाखवते. माणूस युद्धात मेलेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधता येते. जिवंत परतलेल्यांची माहिती त्या यादीत नसते.

इथे एक आडवाट. या छंदात खोट्याचे सर्वांत मोठे पीक येते ते जिथे भावना तीव्र आहे तिथे. जगभर ते नाझी जर्मनीच्या वस्तूंचे आहे, आपल्याकडे आझाद हिंद सेनेचे. या सेनेचे लष्करी प्रमुखपद सांभाळणारे जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे, त्यामुळे मराठी मुलखात ‘भोसल्यांच्या पलटणीतली’ वर्दी अधूनमधून निघते. सिंगापूर 15 फेब्रुवारी 1942 ला पडल्यावर उभी राहिलेली ही सेना मुख्यतः ब्रिटिशांच्याच खाकीत वावरली, बिल्ले बदलून. म्हणजे अस्सल ब्रिटिश खाकीवर एक नकली बिल्ला लावला की काम झाले. जर्मनीतल्या भारतीय तुकडीचा, झेप घेणाऱ्या वाघाचा बाहीबिल्ला तर जर्मन संग्राहकांसाठीही छापला जातो. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या, 2019 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात आझाद हिंद सेनेच्या वस्तू आहेत. विकत घ्यायच्या आधी त्या काचेपुढे तासभर उभे राहावे. बेळगावचे मराठा रेजिमेंटचे संग्रहालय, खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे, इथेही हेच. डोळा खऱ्यावर पोसला की खोटे आपोआप खुपते.

कायद्याचेही सांगून टाकतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर विकता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धातला डगला परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचा विचार सोडावा. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी सैनिकी पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. सैन्याने 15 जानेवारी 2022 च्या परेडला दाखवलेल्या नव्या लढाऊ पोशाखाच्या नक्षीची तर नोंदणीच केली आहे. तिची नक्कल शिवून विकणे वेगळेच प्रकरण. आजोबांचा शर्ट ट्रंकेत ठेवायला कोणाची हरकत नाही.

ठेवायचा कसा, हे मात्र बदलायला लावले. डांबराच्या गोळ्या कापडावरच होत्या, त्या काढल्या. कडुनिंबाचा पाला होता, त्याचे डाग पडतात, तोही काढला. ट्रंकेच्या लोखंडाचा गंज शर्टाला लागू नये म्हणून जुनी, धुऊन मऊ झालेली मलमल आत अंथरली. प्लॅस्टिक नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल आतच कोंडते. हँगरही नको, स्वतःच्या ओझ्याने खांदे फाटतात. घड्यांत मलमलीचे गुंडाळे घालायचे आणि दसऱ्याला उघडाल तेव्हा घड्या बदलायच्या. लोकरीचा कोट असता तर किडीसाठी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले असते. कसर लोकर खाते, सुती कापडाला तिचे फारसे प्रेम नाही.

त्यावरून भोकांकडे आलो. सुती शर्टाला कसर लागली, असे म्हणता येत नव्हते. पुढच्या बाजूला सात आणि उजव्या बाहीवर चार भोके, ज्वारीच्या दाण्याहून लहान. पाठीवर एकही नाही. गोळी आत शिरली तर बहुधा कुठून तरी बाहेर पडते, कापडाचे तंतू ओढून फाडते, भोवती रक्ताचा डाग ठेवते. आणि अकरा गोळ्या लागलेला माणूस भिलाईला येऊन घर बांधत नाही. भिंगाखाली प्रत्येक भोकाची कड तपकिरी, कडक, जळालेली दिसली. सगळी छातीपासून पोटापर्यंत आणि हाताच्या पुढच्या भागावर. वाकून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर ठिणग्या जिथे पडतात तिथे.

“आजोबा कारखान्यात काय करत होते?” मी विचारले.

काकू म्हणाल्या, पहिल्या भट्टीच्या बांधकामापासून होते. मग वेल्डिंगला.

भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. पलटणीतली दांडगी खाकी जीन त्या काळात ठिणग्यांपुढे घालायला याहून चांगली मिळाली नसती. फिती उसवून काढल्या, पितळी अक्षरे काढली, शर्ट कामावर गेला. काखेत उसवला तेव्हा सासूबाईंनी टाके घातले, टेरिकॉटचा दोरा घरात आल्यानंतर कधीतरी.

नातवाला अजून खात्री नव्हती. गोळीची भोके सोडून देणे त्याला जड जात होते. मी खिशातला चुंबक त्याच्या हातात दिला, शर्टाचा डावा खिसा उलटा केला आणि तळाच्या शिवणीवरून फिरवायला सांगितले. साठ वर्षे साचलेल्या त्या केरातून बारीक काळी पूड उठली आणि चुंबकाच्या टोकाला केसांसारखी उभी राहिली.

“आता धुऊन ठेवू का?” काकूंनी विचारले.

नका, म्हटले. पूड आम्ही परत खिशातच झटकली.